भाजल्यावर त्वचेत काय घडते?



मराठी भाषेने एकाच दुखण्याला तीन शब्द दिले आहेत. तव्याला बोट लागले की आपल्याला चटका बसतो. ऊन चहाने जीभ पोळते. आणि विस्तवाने हात भाजतो. आपल्या आज्या-पणज्यांनी हे शब्द कोणत्याही प्रयोगशाळेत बसून घडवले नव्हते, पण तव्याची उष्णता, चहाची उष्णता आणि ज्वाळेची उष्णता अंगावर वेगवेगळ्या रीतीने येते हे त्यांनी ओळखले होते. या तिन्ही प्रकारांत त्वचेच्या आत काय घडते, ते आज पाहू या.

हा लेख लिहिण्यास एक प्रसंग कारणीभूत झाला. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात माझी नऊ वर्षांची भाची आमच्याकडे राहायला आली होती. सकाळी तिने मोठ्या हौसेने इडलीपात्राचे झाकण उचलले आणि वाफ तिच्या मनगटावर आली. पोर किंचाळली. माझी आई ओरडली, "अरे, टूथपेस्ट आण आधी!" आणि महाविद्यालयात अठरा वर्षे उष्णतेचा पाठ शिकवणारा मी धावत जाऊन खरोखरच टूथपेस्टची नळी घेऊन आलो. सुदैवाने शेजारच्या काकू आरडाओरडा ऐकून आल्या. त्या परिचारिका आहेत. त्यांनी माझ्या हातातील नळीकडे पाहिलेसुद्धा नाही. मुलीचा हात धरून त्यांनी नळाखाली घातला आणि म्हणाल्या, "घड्याळ लावा. वीस मिनिटं. मग काय ते बोला."

संध्याकाळी हात बांधलेल्या अवस्थेत भाचीने मला विचारले, "मामा, वाफ तर नीट दिसतही नव्हती. मग एवढं कसं पोळलं?" प्रश्न मोठा योग्य होता. त्यापासूनच सुरुवात करू.

वाफ इतकी का पोळते?

प्रथम एक गैरसमज दूर करू. भांड्यावर आपल्याला जो पांढरा ढग दिसतो, ती वाफ नव्हे. ते पाण्याचे सूक्ष्म थेंब असतात. खरी वाफ ही वायुरूप असते आणि हवेसारखीच अदृश्य असते. किटलीच्या तोटीजवळ अर्धा-एक सेंटिमीटर जागा मोकळी दिसते ना? सर्वांत धोक्याची जागा तीच!

आता थोडे गणित करू. उकळत्या पाण्याचे तापमान १०० अंश सेल्सियस असते आणि त्यातून निघणाऱ्या वाफेचेही १०० अंशच असते. मग दोन्ही सारखेच पोळतील असे वाटेल. परंतु वाफेचे पाणी होताना दर ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी अप्रकट उष्मा बाहेर पडतो.

समजा, त्वचेच्या ५ सेंटिमीटर लांब व ५ सेंटिमीटर रुंद अशा तुकड्यावर वाफ आली. वरचा १ मिलिमीटर जाडीचा थर विचारात घेतला तर त्याचे आकारमान २.५ घन सेंटिमीटर, म्हणजे वजन सुमारे २.५ ग्रॅम भरेल. त्वचेचा विशिष्ट उष्मा पाण्याहून थोडा कमी, साधारण ०.८५ धरू. हा थर ३५ अंशांपासून ६० अंशांपर्यंत तापवण्यास २.५ × ०.८५ × २५, म्हणजे सुमारे ५३ कॅलरी उष्णता लागेल.

१ ग्रॅम उकळते पाणी ६० अंशांपर्यंत निवताना ४० कॅलरी देते. म्हणजे एवढी उष्णता पुरवण्यास सव्वा ग्रॅमहून अधिक पाणी हवे. १ ग्रॅम वाफ मात्र ५४० अधिक ४०, म्हणजे ५८० कॅलरी देते. तेव्हा एक दशांश ग्रॅम वाफसुद्धा पुरेशी झाली! शिवाय पाणी ओघळून जाते, तर वाफ थंड त्वचा शोधत तिच्यावरच पाणी होऊन बसते. भाचीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळाले. पण ६० अंश तापमान झाले म्हणून त्वचेचे काय बिघडते? उरलेले अर्धे उत्तर त्यात आहे.

घडी मोडलेली प्रथिने

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे आणि पेशींतील बहुतेक सारी कामे प्रथिने करतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबच लांब माळ. पण ही माळ सैल पडलेली नसते. तिची एक ठरावीक घडी घातलेली असते, आणि प्रथिनाचे काम त्या घडीवरच अवलंबून असते. किल्लीचे दाते सपाट केले तर लोखंड तेच राहील, पण कुलूप उघडणार नाही. तसेच हे.

ही घडी टिकून राहते ती बऱ्याच अंशी हायड्रोजन बंधांसारख्या दुबळ्या बंधांमुळे. एकेक बंध अगदी कच्चा, पण असे शेकडो बंध एकत्र आल्याने घडी पक्की बसते. तापमान वाढले की रेणूंची थरथर वाढते. एका मर्यादेपलीकडे पुष्कळ बंध एकदम सुटतात, माळ उलगडते आणि शेजारच्या उलगडलेल्या माळांत गुंतून बसते.

हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेले आहे. कच्च्या अंड्यातील पांढरा म्हणवला जाणारा भाग खरे म्हणजे पारदर्शक असतो. तापवल्यावर साठ अंशांच्या थोडे वर तो दुधाळ होऊ लागतो आणि मग घट्ट पांढरा होतो. उकडलेले अंडे थंड केले म्हणून ते पुन्हा कच्चे होत नाही. त्वचेला आधार देणारे कोलॅजन हे प्रथिनही साधारण याच तापमानाच्या आसपास आकसते.

पेशीचे पटल त्याच्याही आधी हार खाते. स्निग्ध रेणूंचे हे पातळ आवरण तापले की गळके होते. आतले पोटॅशियम बाहेर आणि बाहेरचे सोडियम व पाणी आत येऊ लागते. हा तोल सांभाळणारे पंप हीसुद्धा प्रथिनेच. ती बंद पडली की पेशी फुगते व मरते.

तापमान आणि वेळ यांची जोडी

मग नेमके किती तापमान घातक? या प्रश्नाचे उत्तर १९४७ साली अमेरिकेतील मॉरिट्झ व हेन्रिक्स या दोन संशोधकांनी दिले. डुकराची त्वचा बरीचशी माणसाच्या त्वचेसारखी असते, म्हणून त्यांनी डुकरांवर आणि काही स्वयंसेवकांवर मोजमापे केली. त्यांना आढळले की नुसते तापमान सांगून भागत नाही, ते किती वेळ टिकले हेही सांगावे लागते.

त्वचेचे तापमान ४४ अंश राहिले तर तिला इजा होण्यास सुमारे ६ तास लागतात. ४५ अंशांना हाच वेळ सुमारे ३ तासांवर येतो. ४९ अंशांना सुमारे ९ मिनिटे, ५५ अंशांना सुमारे अर्धे मिनिट आणि ६० अंशांना अवघे ५ सेकंद! ७० अंशांच्या वर तर एक सेकंदही लागत नाही. ४४ ते ५१ अंशांच्या पट्ट्यात तापमान एका अंशाने वाढले की इजेचा वेग जवळजवळ दुप्पट होतो.

रसायनशास्त्राच्या पुस्तकात तुम्ही वाचले असेल, की तापमान १० अंशांनी वाढले की सामान्यपणे रासायनिक क्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो. येथे तो एकेका अंशाला दुप्पट होतो आहे. त्याच हिशेबाने १० अंशांत तो २ चा दहावा घात, म्हणजे १०२४ पट झाला असता. एवढा फरक का? कारण वर सांगितलेच आहे. प्रथिनाची घडी मोडताना एक-दोन नव्हे, तर पुष्कळ बंध एकदम तुटावे लागतात. थोड्या तापमानाला हे जवळजवळ अशक्य असते, आणि मर्यादा ओलांडताच झपाट्याने घडते.

म्हणूनच बादलीतले पाणी "थोडे जास्त कढत" आहे, असे म्हणणे घातक ठरू शकते. ५० आणि ६० अंशांत हाताला वाटतो त्याहून फार मोठा फरक आहे. लहान मुलांची आणि वृद्धांची त्वचा पातळ असते. त्यांच्या बाबतीत वेळ आणखी कमी मिळतो.

शरीरातील धोक्याची घंटा

निसर्गाने या मर्यादेवर पहारेकरी बसवला आहे. त्वचेतील चेतातंतूंच्या टोकांवर एक प्रथिन असते. सुमारे ४३ अंशांना त्याचे दार उघडते आणि मेंदूकडे वेदनेचा संदेश जातो. इजा ४४ अंशांच्या आसपास सुरू होते आणि घंटा तिच्या थोडी आधी वाजते! अमेरिकेतील डेव्हिड ज्युलियस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हे प्रथिन शोधून काढले. त्यासाठी त्यांनी मिरचीतील कॅप्सेसिन या द्रव्याचा उपयोग केला होता. मिरचीचा ठेचा खाल्ल्यावर तोंड "भाजते" असे आपण म्हणतो. त्या वेळी जिभेचे तापमान वाढलेले नसते. कॅप्सेसिन तेच दार उघडते आणि मेंदू फसतो.

जशी तापाची घंटा, तशीच गारव्याचीही आहे. आणि तिलाही फसवणारे एक द्रव्य आहे, ते म्हणजे पुदिन्याच्या जातीच्या वनस्पतींत सापडणारे मेंथॉल. २००२ मध्ये ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांनी स्वतंत्रपणे गारव्याचे हे प्रथिन ओळखले. २०२१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले.

मेंथॉल कशात असते? बऱ्याचशा टूथपेस्टमध्ये! भाजलेल्या जागी टूथपेस्ट लावल्यावर गार वाटते ते यामुळे. तिच्या पातळ थराने त्वचेतील उष्णता फारशी बाहेर काढलेली नसते. फक्त गारव्याची घंटा वाजवलेली असते. घर जळत असताना घंटा मात्र थंडीची वाजते आहे. मी त्या दिवशी धावत जाऊन जे आणले, ते हे होते.

तीन वर्तुळे

भाजलेली जागा सगळीकडे सारखी भाजलेली नसते. १९५३ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे शल्यवैद्य डग्लस जॅक्सन यांनी तिचे तीन पट्टे सांगितले. मध्यभागी, जेथे उष्णता सर्वाधिक पोचली, तेथील प्रथिने गोठलेली असतात. तो भाग मेलेला असतो आणि परत येत नाही. सर्वांत बाहेरच्या पट्ट्यात रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे लाली येते, आणि तो भाग आपोआप बरा होतो.

या दोहोंच्या मधला पट्टा फार महत्त्वाचा. तेथील पेशी जिवंत असतात, पण रक्तप्रवाह मंदावलेला असतो. पुढच्या एक-दोन दिवसांत या पट्ट्याचे भवितव्य ठरते. रक्त पोचत राहिले तर तो वाचतो. रक्त थबकले, जंतू शिरले किंवा शरीरातील पाणी कमी पडले, तर तोही मरतो आणि जखम रुंद व खोल होते. म्हणजे भाजण्याची क्रिया ज्वाळा विझली त्या क्षणी संपत नाही. आपण पुढे काय करतो यावर या मधल्या पट्ट्याचे प्राण अवलंबून असतात.

खोलीचे मोजमाप

त्वचेचे दोन मुख्य थर आहेत. वरची बाह्यत्वचा बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी पातळ असते. तिच्या खाली एक-दोन मिलिमीटर जाडीची अंतस्त्वचा असते. तिच्यात रक्तवाहिन्या, चेतातंतू, केसांची मुळे व घामाच्या ग्रंथी असतात.

नुसती बाह्यत्वचा भाजली तर जागा लाल होते, झोंबते, आणि काही दिवसांत बरी होते. इजा अंतस्त्वचेत उतरली की फोड येतात. केशवाहिन्या गळक्या होऊन रक्तातील द्रव बाहेर झिरपतो आणि सुटलेल्या थरांमध्ये साठतो. तोच फोडातील द्रव. अशी जखमही भरून येऊ शकते, कारण केसांच्या मुळांभोवती आणि घामाच्या ग्रंथींत बाह्यत्वचेच्या पेशी शिल्लक असतात. शेतातले पीक जळाले तरी जमिनीत बी राहावे, तशा या पेशी वाढून जागा झाकतात.

पण अंतस्त्वचा पूर्ण भाजली तर हे बीही जळते. मग नवी त्वचा फक्त कडेकडून सरकत येऊ शकते, आणि मोठ्या जखमेवर दुसरीकडची त्वचा आणून बसवावी लागते. येथे एक फसवी गोष्ट लक्षात ठेवा. अशा खोल जखमेत चेतातंतूंची टोकेही नष्ट झालेली असतात, म्हणून मध्यभागी वेदना कमी असते. जागा पांढुरकी किंवा चामड्यासारखी दिसते. "फार दुखत नाही, म्हणजे फार भाजले नाही," हा समज अगदी उलटा आहे!

त्वचेपलीकडची इजा

१९२१ साली अमेरिकेतील न्यू हेवन शहरात रिआल्टो नावाच्या नाट्यगृहाला आग लागली. तेथील रुग्णांचा अभ्यास करताना फ्रँक अंडरहिल यांनी फोडांतील द्रव तपासला. तो पुष्कळसा रक्तद्रवासारखाच निघाला. भाजलेला माणूस जळालेल्या त्वचेतील कसल्यातरी विषाने दगावतो, असे तोवर अनेकांना वाटे. अंडरहिल यांच्या अभ्यासातून दिसले की रक्तातील पाणी व क्षार झिरपून जाणे हाच मोठा धोका आहे.

भाजलेला भाग मोठा असला की शरीरभरच्या केशवाहिन्या गळू लागतात. रक्ताचे आकारमान घटते, रक्तदाब उतरतो. मूत्रपिंडांना रक्त पुरत नाही आणि ती निकामी होऊ लागतात. ज्वाळा हाताला लागली आणि बंद पडली मूत्रपिंडे, हे कसे, याचे उत्तर हे आहे. म्हणून रुग्णालयात प्रथम शिरेतून क्षारयुक्त द्रव देतात. किती? १९६८ मध्ये डॅलसच्या पार्कलँड रुग्णालयातील चार्ल्स बॅक्स्टर यांनी प्रसिद्ध केलेले एक सूत्र आजही प्राथमिक अंदाजासाठी वापरतात. दर किलोग्रॅम वजनाला, भाजलेल्या प्रत्येक टक्क्यामागे ४ मिलिलिटर. ५० किलोग्रॅम वजनाची व्यक्ती २० टक्के भाजली असेल, तर ४ × ५० × २० म्हणजे ४००० मिलिलिटर, अर्थात ४ लिटर. त्यातील निम्मे भाजल्यापासूनच्या पहिल्या आठ तासांत. नंतर रुग्णाचे लघवीचे प्रमाण पाहून डॉक्टर ते कमी-जास्त करतात. टक्केवारीचा अंदाज घ्यायचा असेल, तर ज्याला भाजले त्याचा बोटांसकट तळहात म्हणजे त्याच्या शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे १ टक्का.

मग काय करावे?

उष्णता त्वचेत किती वेगाने उतरते याचा ढोबळ हिशेब करता येतो. लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्वचेत १ मिलिमीटरसाठी सुमारे १० सेकंद, तर २ मिलिमीटरसाठी सुमारे ४० सेकंद. म्हणजे हात आचेवरून मागे घेतल्यावरही आत शिरलेली उष्णता खालच्या थरांकडे सरकत असते. तिला उलट्या दिशेने बाहेर काढायचे, तर पृष्ठभाग ताबडतोब थंड करायला हवा. यासाठी नळाच्या साध्या वाहत्या पाण्यासारखे साधन नाही. पाण्याचा विशिष्ट उष्मा मोठा, आणि वाहते असल्यामुळे तापलेले पाणी निघून जाऊन नवे येत राहते.

मग वीस मिनिटे कशासाठी? साठलेली उष्णता तर त्याआधीच निघून जाते. पण गारव्यामुळे दाह व सूज कमी होते, वेदना शमते आणि तो मधला पट्टा तगण्यास मदत होते. पहिल्या तीन तासांपर्यंत असे पाणी घेण्याचा उपयोग होतो. तेव्हा उशीर झाला म्हणून सोडून देऊ नये.

बर्फ लावू नये. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, आणि जेथे रक्त आधीच थबकले आहे तेथे ते आणखी कमी पोचते. तूप-तेलाचा थर उष्णता आतच कोंडतो. हळद, शाई, पीठ, टूथपेस्ट यांनी जंतू शिरण्याची भीती असते, आणि जखमेचा खरा रंग झाकला गेल्याने डॉक्टरांना तिची खोली कळत नाही. अंगठी, बांगड्या, घड्याळ सूज येण्यापूर्वी काढावे. कपडा त्वचेला चिकटला असेल तर ओढू नये. फोड फोडू नयेत. नंतर जखम स्वच्छ कापडाने सैल झाकावी. लहान मूल पुष्कळ भाजले असेल तर बाकीचे अंग पांघरुणात ऊबदार ठेवावे. चेहरा, हात, सांधे किंवा गुप्तांग भाजले, विजेने किंवा रसायनाने भाजले, धूर नाकातोंडात गेला, अथवा जखम तळहाताहून मोठी असली, तर थेट रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

कपड्यांनी पेट घेतला तर धावू नये. धावल्याने ज्वाळेला नवी हवा मिळते. जमिनीवर आडवे होऊन लोळावे.

माझ्या भाचीच्या मनगटावर दोन फोड आले होते. दोन आठवड्यांत ते भरले आणि आज तेथे थोडा फिकट डाग आहे. काकू पाच मिनिटे उशिरा आल्या असत्या तर काय झाले असते, हे मी सांगू शकत नाही. त्या दिवसानंतर मी आमच्या स्वयंपाकघरात नळाच्या वर एक कागद चिकटवला. त्यावर एवढेच लिहिले आहे : "आधी पाणी, वीस मिनिटे." कागद वाचून आई म्हणाली, "हे तुला आधीच ठाऊक नव्हतं होय रे?" ठाऊक होते, पण फळ्यावर.

करून पाहा : शिक्षकांच्या देखरेखीखाली तीन परीक्षानळ्यांत अंड्याचा थोडा थोडा पांढरा भाग घ्या. एक नळी ५० अंशांच्या, दुसरी ६५ अंशांच्या व तिसरी ८० अंशांच्या पाण्यात धरा. प्रत्येक नळीतील द्रव दुधाळ होण्यास किती वेळ लागतो त्याची नोंद करा. नंतर तिन्ही नळ्या गार पाण्यात ठेवा, आणि कोणती पूर्ववत होते ते पाहा.